वरंधा, आंबेनळी, पसरणी: एका दिवसाच्या बाइक फेरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून पहाटे निघायचं, भोरवरून वरंधा घाट उतरून महाड गाठायचं, पोलादपूरला वळून आंबेनळी घाट चढायचा, महाबळेश्वर-पाचगणी करून पसरणी घाटाने वाईत उतरायचं आणि दिवेलागणीला घरी. सह्याद्री एकदा उतरून पुन्हा चढायचा, तोही एकाच दिवसात. ही फेरी मी गेली अनेक वर्षं करते आहे आणि तिच्याबद्दल मला सतत प्रश्न येतात. तेच तेच येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एकूण किती किलोमीटर होतात? एका दिवसात खरंच जमतं का?

तीनशेच्या आसपास. पुणे ते महाड भोरमार्गे साधारण १३०, महाड ते पोलादपूर २०, पोलादपूर ते महाबळेश्वर ४०, तिथून पाचगणी २०, पाचगणी ते वाई १२ आणि वाई ते पुणे ८५-९०. हायवेवर तीनशे किलोमीटर म्हणजे फार काही नाही, पण इथे त्यातला जवळजवळ अर्धा रस्ता घाटाचा किंवा घाटासारखाच आहे. तिथे ताशी तीस-पस्तीसची सरासरी धरा. पहाटे साडेपाचला घर सोडलं तर सातला भोर, साडेआठला वरंध्याच्या माथ्यावरचं वाघजाईचं देऊळ, दहा-साडेदहाला महाड, दुपारी दीड-दोनला महाबळेश्वर आणि साडेचार-पाचला वाई असं गणित बसतं. आठला निघून हे जमत नाही. ते अडीच तास मग शेवटी अंधारात मोजावे लागतात (प्रश्न १५).

२. उलटं केलं तर? आधी महाबळेश्वर, मग वरंधा?

होतं, पण मी करत नाही. उन्हाने फरक पडत नाही. भोरहून वरंध्याकडे सकाळी जाताना तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे ऊन पाठीवर. दुपारनंतर आंबेनळी चढताना आणि पसरणी उतरताना तोंड पूर्वेला असतं, म्हणजे ऊन पुन्हा पाठीवरच. उलट गेलात तरी सकाळी तोंड पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेलाच असतं.

खरं कारण म्हणजे एकटेपणा. उलट फेरीत वरंधा संध्याकाळी चढावा लागतो आणि त्यानंतरचा नीरा देवघर धरणाच्या काठचा लांबलचक पट्टा अंधारात येतो. वस्ती विरळ, दिवे नाहीत, मोबाइलला रेंज नाही. तो रस्ता सकाळी आठच्या उन्हात करा. पाण्यावरचं धुकं उठत असतं आणि डोंगरांच्या सोंडा एकामागून एक उघड्या होत जातात. ते बघायलाच तर आपण जातो.

३. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्येही चालतं, डोंगर तेव्हा हिरवे असतात, पण पावसाने रस्त्यावर आणलेली माती आणि खडी सगळीकडे उचललेली नसते. मार्च ते मे या काळात महाडच्या बाजूला दुपारी अंगाची लाही होते आणि जाकीट घालवत नाही. मग लोक जाकीट काढून सीटला बांधतात आणि नेमके तेव्हाच पडतात.

थंडीत एक लक्षात ठेवा. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीचं, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. शंभर मीटर चढलं की तापमान साधारण अर्धा-पाऊण अंशाने उतरतं, म्हणजे त्या चाळीस किलोमीटरांत सात-आठ अंशांचा फरक पडतो. पहाटे भोरच्या खोऱ्यातही बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही.

४. पण खरी मजा पावसाळ्यातच, असं सगळे म्हणतात. तेव्हा का नको?

पाऊस मलाही आवडतो. पण हे दोन घाट पावसात करू नका. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच उतारांवरून खाली धावतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. गाव वरंध्याच्या परिसरातलंच. त्याच पावसाने आंबेनळी घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी तुटला होता. दरड येताना हॉर्न देत नाही, आणि बाइकवरच्या माणसाभोवती पत्रासुद्धा नसतो.

शिवाय पावसाळ्यात वरंधा घाट प्रशासनाच्या आदेशाने अनेकदा बंद असतो. बॅरिकेड बाजूला सारून जाणारे मी पाहिले आहेत. कृपा करून त्यांच्यातले होऊ नका. पुढे काही झालं तर ज्यांना तुम्हाला काढायला यावं लागतं, ती याच खोऱ्यातली माणसं असतात. घाट बंद असेल तर काय, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

५. माझी गाडी १२५ सीसीची आहे. मोठी गाडी लागते का?

अजिबात नाही. घाटात सीसीपेक्षा ब्रेक आणि टायर महत्त्वाचे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर एकट्याने ही फेरी आरामात होते. आंबेनळीच्या चढाला दुसरा-तिसरा गिअर लागेल, एवढंच. दोघं बसणार असाल तर थोडा जास्त दम असलेली गाडी बरी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. तुमची गाडी त्याआधीची किंवा १२५ सीसीपर्यंतची असेल आणि तिला एबीएस नसेल, तर खडीवर पुढचा ब्रेक किती नाजूक हाताने लावायचा हे रिकाम्या मैदानात एकदा शिकून घ्या.

६. आणि स्कूटरवर?

लोक जातात, मीही एकदा गेले आहे, पण उताराला नीट समजून जा. गिअरच्या गाडीला उतरताना खालचा गिअर टाकला की इंजिनच तिला धरून ठेवतं. स्कूटरमध्ये ही मदत फार कमी मिळते. एक्सिलरेटर पूर्ण सोडून वेग बराच उतरला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. मग सगळा भार ब्रेकवर. ड्रम ब्रेकचे लायनर सतत दाबून तापले की पकड सोडतात: लिव्हर दाबली जाते, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात लावा, वेग पुरता उतरवा, सोडा. पाच-सात किलोमीटरांनी थांबा. जळका वास आला तर पंधरा मिनिटं थांबायचंच, आणि ब्रेकवर पाणी ओतायचं नाही.

७. निघण्यापूर्वी गाडीत काय बघू?

टायरची हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या खाचेत झिजेची खूण असते, तिथवर झिजला असेल तर बदला. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग, हेडलाइट, मागचा लाल दिवा.

चेनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती मला एकदा नडली. सर्व्हिसिंगहून गाडी आणली, चेन छान ताठ दिसली, तशीच निघाले. भोरपुढच्या खराब पट्ट्यात मागून कटकट आवाज येऊ लागला. मागचा शॉकअप दबतो तेव्हा चेन आणखी ताणली जाते. तिला सैल व्हायला जागाच ठेवली नव्हती. बहुतेक गाड्यांना मधोमध बोटाने वरखाली हलवल्यावर २० ते ३० मिलिमीटर ढील लागते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. तेव्हापासून सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करत नाही. आठवडाभर आधी करते आणि गाडी चार दिवस गावात चालवून बघते.

८. अंगावर काय घालायचं?

आयएसआय खुणेचं फुल-फेस हेल्मेट, दोघांनाही, पट्टा लावलेलं. बोटं झाकणारे हातमोजे, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. घोट्यावर येणारे बूट. कोपर-खांद्याला पॅड असलेलं जाकीट, आणि निदान नी-गार्ड. आत एक पातळ स्वेटर, जो महाडला काढता येईल आणि आंबेनळीच्या माथ्यावर परत घालता येईल. काळी काच नको: दाट झाडीत दिवसाही दिसत नाही.

९. वळण नेमकं घ्यायचं कसं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. माझं उत्तर एका वाक्याचं आहे: जेवढा रस्ता दिसतोय, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. बाकीचं त्यातूनच येतं.

आकड्यांत बघू. ताशी ४० ला एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत तो सेकंद गेलेलाच असतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा मीटर, म्हणजे एकूण वीस-बावीस. ताशी ६० ला हेच अंतर चाळीसच्या घरात जातं. आता वरंध्यात एका बाजूला कातळ असलेल्या वळणावर उभं राहून पुढे किती दिसतं ते बघा. बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस मीटर.

कलण्याचंही तसंच. वीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ३० ला गाडी साधारण २० अंश कलते, ४० ला ३२ अंश, ५० ला जवळजवळ ४५. स्पीडोमीटरवर दहाचाच फरक, पण टायरवरचा भार किती चढला ते बघा. खडी असेल तर संपलंच.

म्हणून क्रम असा. वेग आणि गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उतरवा. मान वळवून नजर वळणाच्या पलीकडच्या टोकाला लावा, चाकासमोर नाही. गाडी नजरेच्या मागे जाते, म्हणून दरीकडे किंवा खड्ड्याकडे टक लावली की ती तिकडेच जाते. डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकीच पुढे ढकला, गाडी आपोआप डावीकडे कलते. वळणभर एक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवा.

उजव्या वळणात एक फसगत आहे. चाकं आपल्या बाजूला असतात, पण कलल्यामुळे डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातात. समोरून येणारी एसटी वळण मोठं घेत असेल तर तुमच्या चाकांना जागा असते, डोक्याला नसते. म्हणून उजव्या वळणात रेषेपासून चांगलं आत राहा.

१०. वळणात शिरल्यावर कळलं की वेग जास्त आहे किंवा खडी आहे. आता?

इथे मी पडले आहे. वाघजाईच्या खाली, उजवं वळण, वेग जेमतेम पंचवीस. ओहोळाने आणलेली बारीक कच रस्त्यावर पसरली होती, करड्या डांबरावर करड्याच रंगाची. ती दिसली आणि कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक बोटांनी आपोआप दाबला. पुढचं चाक सरकलं आणि मी कोपरावर. मागून येणारी एसटी थांबली. कंडक्टर उतरले, त्यांनी आधी गाडीची चावी बंद केली, मग मला उठवून कठड्याशी बसवलं आणि म्हणाले, "ताई, हेल्मेट लगेच काढू नका, आधी श्वास घ्या." ब्रेकची लिव्हर वाकली, कोपर महिनाभर दुखलं.

तर: कललेल्या गाडीत खडीवर पुढचा ब्रेक नाही. थोडी सरळ जागा असेल तर गाडी आधी उभी करा, मग दोन्ही ब्रेक लावा. जागा नसेल तर एक्सिलरेटर झटकन सोडू नका, मागचा ब्रेक हलका लावा, नजर वळणाच्या टोकावरच ठेवा आणि खडी नसेल तर गाडी आणखी कलू द्या. वेग थोडाच जास्त असेल तर टायर बहुतेक वेळा धरतात. आधी आपण घाबरतो आणि तिथेच चुकतो. डिझेल सांडलेलं असेल तर ते रंगापेक्षा वासाने आधी कळतं. तीव्र वळणांवर, अवजड गाड्या जोर लावून वळतात तिथे, ते सांडतं.

११. उताराला गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं ना?

नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून एक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनची पकड तेवढी जाते. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलच.

१२. अरुंद जागी समोरून गाडी आली तर आधी वाट कुणाची?

चढणाऱ्याची. रस्ता दोघांना पुरत नसेल तर उतरणाऱ्याने थांबावं, हा नियमच आहे. चढावर थांबलेलं जड वाहन पुन्हा उचलणं फार कठीण. एसटी किंवा ट्रक समोर असेल तर नियमाचा विचारही नको, डावीकडे थांबून पाय टेका. तीव्र वळणात त्यांना पूर्ण रुंदी लागते. आंधळ्या वळणाआधी एकदा हॉर्न द्या, आणि उत्तर येतं का ते ऐका. हेल्मेटमध्ये गाणी लावली असतील तर ते ऐकू येत नाही.

१३. पेट्रोल, जेवण, थांबायच्या जागा?

टाकी भोरला भरा आणि महाड-पोलादपूरला पुन्हा. मधल्या घाटात पंपाची आशा नको. रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करा. ऑनलाइन पैसे चालतील या भरवशावर राहू नका, चारपाचशे रुपये सुटे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही.

वरंध्याच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे. इथला रस्ता कावळ्या किल्ल्याच्या धारेतूनच कापून काढला आहे. टपऱ्यांवर चहा आणि कांदाभजी मिळते. बाकावर बसा, समोर दरी आहे, खाली उतरणारा आपलाच रस्ता दिसतो. माकडांना काही देऊ नका. गाड्यांकडे धावायची सवय त्यांना आपणच लावली आहे. घाट उतरल्यावर शिवथरघळीचा फाटा लागतो, जिथे समर्थांनी दासबोध लिहिला असं मानतात. पोलादपूरजवळ उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. महाडला चवदार तळं आहे, २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाचं. तळं वाटेवरच आहे, दहा मिनिटं काढाच. घळ, उमरठ आणि प्रतापगड यांपैकी मात्र एका दिवशी एकच निवडा. गड धरला तर वाडा कुंभरोशीहून वर जाऊन-येऊन दीड-दोन तास जातात. जेवण पोलादपूरला किंवा कुंभरोशीला, अर्धपोटीच. भरल्या पोटी दुपारचा घाट म्हणजे झोप.

१४. मागे कुणी बसणार असेल किंवा ग्रुपने जात असू तर?

मागच्या माणसाला निघण्याआधी सांगा: वळणात माझ्याबरोबर कल, उलट बाजूला ताठ होऊ नकोस, माझ्या आतल्या खांद्यावरून बघ. मागच्या टायरला पुस्तिकेत दिलेली दोघांसाठीची हवा भरा. दर तासाला खाली उतरा. कंबर आधी मागच्याची जाते.

ग्रुपमध्ये पाच-सहा गाड्या पुष्कळ. सर्वांत नवखा दुसऱ्या नंबरवर, सर्वांत अनुभवी शेवटी. घाटात एकामागे एक, अंतर राखून, आणि ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः बघून. पुढचा गेला म्हणून मागच्याला रस्ता मोकळा नसतो. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं.

एकट्या मुलीने जावं का, हेही सारखं विचारतात. मी बहुतेक वेळा एकटीच जाते. दोन्ही घाटांत माझ्या वाट्याला चांगली माणसंच आली. तरी भोर, महाड आणि महाबळेश्वर इथून घरी एकेक मेसेज करते, आणि सूर्य मावळायच्या आत वाईच्या पुढे असते. हाच नियम मी मुलांनाही सांगते.

१५. उशीर झाला आणि अंधार पडला तर?

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारच्या पुढे अजून महाबळेश्वरातच असाल तर तिथे किंवा वाईला मुक्काम करा. शनिवार-रविवारी महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात गाड्यांची रांग लागते आणि तास-तास जातो. जमलं तर मधल्या वारीच जा.

वाईच्या पुढे खरा धोका उसाचा. नोव्हेंबर ते मार्च गाळप चालू असतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सुरूरच्या बाजूला रस्ताभर असतात, आणि मागे लाल दिवा असेलच असं नाही. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. समोरच्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपले की ट्रॉली दिसते ती शेवटच्या क्षणी. पुढे खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतारावर एस आकाराचं वळण आहे. तिथे बरेच अपघात झाले आहेत. डावीकडे राहा, ट्रकच्या बाजूने चालू नका.

१६. अपघात दिसला किंवा आपणच पडलो तर?

आधी मागून येणाऱ्यांना सावध करा: वळणाच्या अलीकडे कुणाला तरी उभं करा. मग ११२ किंवा १०८ ला फोन. रेंज नसेल तर जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला सांगा, निरोप पोचतो. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडत असेल तरच दोघांनी मान धरून काढा. मदत केल्याने पोलिसांचं लफडं मागे लागेल ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. सोबत बँडेज, जंतुनाशक आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

१७. भोरला पोचल्यावर कळलं की वरंधा बंद आहे. दिवस वाया?

नाही. भोरवरून आंबाडखिंड घाटाने मांढरदेवी आणि तिथून उतरून वाई, असा रस्ता आहे. तो फार कमी लोक धरतात आणि मला तो मनापासून आवडतो. माथ्यावरून एका बाजूला नीरेचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला कृष्णेचं दिसतं. वाईहून पसरणी चढून पाचगणीला चहा घ्या आणि त्याच वाटेने परत या. फक्त पौषात शाकंभरी पौर्णिमेच्या आसपास काळूबाईची जत्रा असते, तेव्हा हा रस्ता भाविकांसाठी सोडा.

कोकणात उतरायचंच असेल आणि घाट बंद असल्याचं आदल्या दिवशीच कळलं असेल, तर मुळशीवरून ताम्हिणी घाटाने माणगाव आणि मुंबई-गोवा हायवेने महाड करा. पण भोरला पोचून ताम्हिणीकडे वळू नका, त्यात अर्धा दिवस जातो. आणि पोलादपूरला पोचल्यावर आंबेनळी बंद निघाला, तर आलात त्याच रस्त्याने, उजेड आहे तोवर, मागे फिरा.